माझ्यातून म्हटलेलं मंगलाष्टक

हॅलो, हॅलो! दचकू नका. रोज माझ्यातून दुसरे बोलतात, आज मी स्वतः बोलतोय. मी लग्नातला माईक.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. आठवतं ते नागपूरच्या सीताबर्डीचं दुकान, आणि तिथून मला घेऊन जाणारे मंडपवाले नत्थूभाऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावर टपटप मारलं, जोरात फुंकर घातली आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या वासानं माझा जीव घुसमटला. माणसं मला आधी मारतात, मगच बोलतात!

निकाहातलं "कुबूल है" मी ऐकलंय. बुद्धमूर्तीसमोर पांढऱ्या साडीतल्या नवरीनं घेतलेल्या प्रतिज्ञाही ऐकल्यात. पण माझी खरी धमाल मंगलाष्टकांना. नवरा-नवरीमध्ये अंतरपाट धरला की मावश्या, आत्या, काकू माझ्यापुढे रांग लावतात. प्रत्येकीनं घरच्यांची नावं गुंफून मंगलाष्टक रचलेलं असतं. सूर लागो न लागो, म्हणायला आलेल्या बाईला कोणी अडवत नाही.

मागच्या उन्हाळ्यात हीच रीत कामी आली.

नवरी होती भैरवी, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स. नवरदेव मधुसूदन, बुटीबोरीला नोकरी. रांगेत सगळ्यात शेवटी एक हिरव्या साडीतली बाई उभी होती. तिनं मला धरलं तेव्हा तिचा हात घामानं ओला होता.

"बाई, तुमी कोनाकडून?" नत्थूभाऊंनी विचारलं.

"नवरदेवाकडून. एकच हाय, दादा. म्हनू द्या."

"म्हना मंग लवकर. मुहूर्त चालला!"

तिनं डोळे मिटले आणि काय सांगू, काय सूर लागला!

"नांदे चंद्रकला घरात अजुनी, त्याचीच पत्नी असे,
कन्या उन्नति वाट रोज बघते, दारी पित्याची बसे..."

नावं आली म्हणून दोन-चार बायका कौतुकानं हसल्या. मग हसू थांबलं. नवरदेवाची मान गर्रकन वळली. अक्षता मुठीतच राहिल्या. माझ्या अंगातून तर झिणझिण्या गेल्या!

"मीच चंद्रकला," ती म्हणाली. "उमरेडले यानं माझ्याशी लगन केलं. फारकत झाली नाई. भैरवी, मी तुह्याशी भांडाले नाई आली वं. पन तुले कोनी सांगतलं नसन, म्हनून आली."

नवरदेवाचे काका चंपतराव तरातरा पुढे आले. "बंद करा गा तो माईक! पयलीले पोरगी झाली. वंश चालाले नको? आमच्या आज्यालेबी दोन बायका होत्या. धर्मात चालते!"

नत्थूभाऊंचा हात बटणाकडे गेला. मी मनात म्हटलं, भाऊ, आज नको! त्यांनी बटण दाबलं नाही. उलट मला चंद्रकलाच्या हातून घेऊन भटजींच्या तोंडाशी धरलं.

"आजोबांच्या वेळी चालत असेल," भटजी म्हणाले. "आता कायदा आहे. पहिली बायको हयात, फारकत नाही, तर मी सप्तपदी करवणार नाही. केली तरी या मुलीला बायकोचा हक्क मिळायचा नाही."

"पयलीनं हो म्हटलं तर?" चंपतराव अडून बसले.

"तिनं हो म्हटलं तरी नाही."

"आन् मी हो म्हटलं कवा?" चंद्रकला म्हणाली. मंडपात कोणीतरी खुदकन हसलं.

अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखून खाली येऊ लागले होते. भैरवीनं एका हातानं त्याचं टोक पकडून वर उचललं. "पडदा राहू द्या! हे खरं हाय का, तेवढं सांगा."

पडद्यापलीकडून मधुसूदन पुटपुटला, "आता ते जुनं झालं ना..."

भैरवीनं हातातला हार पाटावर ठेवला आणि माझ्याकडे हात पुढे केला. "मंडळी, लग्न लागत नाही. स्वयंपाक झालाय, जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही. आणि चंद्रकलाताई, पहिल्या पंगतीत माझ्याजवळ बसायचं."

त्या दिवशी लाजेनं कोणी जेवणार नाही असं मला वाटलं होतं. पण तीन पंगती उठल्या!

आता माझ्या मानेला चिकटपट्टी आहे, मधूनच मी खरखरतो. नत्थूभाऊ नवा माईक आणायचं म्हणतात. आणू द्या. तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. डोक्यावर टपटप मारायचं असेल तर मारा, पण रांगेत शेवटी उभ्या असलेल्या बाईपर्यंत मला पोहोचू द्या. ती बोलून होईपर्यंत बटणावर हात ठेवू नका.