पट्टी आणखी आत

दादाच्या डोळ्यांचं दुखणं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बाजूचं दिसणं हळूहळू आटत जाणारं आणि औषध नसलेलं. उघड्या दाराच्या कडेवर त्याचा खांदा आपटायचा, जवळचा पेला हात लागून कलंडायचा. पण समोरचं लख्ख दिसायचं. "मी नाकासमोर चालणारा माणूस, मला बाजूचं काय करायचंय?" असं तो म्हणायचा. पाहुणे हसायचे आणि वहिनी काहीतरी निमित्त काढून आत जायची.

तो पाणीपुरवठा खात्यात आरेखक होता. शहराच्या पोटातून कुठला नळ कुठून जातो, कुठे वळतो, झडप कुठे आहे, हे नकाशावर उतरवणं त्याचं काम. एकट्याने रस्त्यावरून जाणं अवघड झालं तेव्हा खात्याने त्याचा कॉम्प्युटर घरी आणून दिला. नकाशे काढायचा तो प्रोग्रॅम एका छोट्या कंपनीचा होता. तिथे माणूस हवाय हे दादाला कळलं आणि त्याने धाकट्या बहिणीला तिथे चिकटवलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती. तिचे केस पिकायला लागले तरी तो तिला छोटी म्हणायचा.

प्रोग्रॅमच्या खिडकीत मधोमध नकाशा असायचा. डाव्या कडेला चिकटलेल्या पॅनलमध्ये नकाशाच्या थरांची यादी आणि उजव्या कडेच्या पॅनलमध्ये निवडलेल्या नळाची माहिती: जाडी, खोली, कधी टाकला. दोन्ही पॅनलांची रुंदी ठरलेली, जागची हलत नसे.

"उजवीकडचं पॅनल मला दिसतच नाही," दादा एकदा म्हणाला. "मान वळवून वळवून मानेचा खिळा ढिला झाला. ते जरा मध्ये ओढता येईल असं कर ना."

छोटीने कंपनीतल्या साहेबांना विचारलं. "बाकीचेही मागतायत," ते म्हणाले. "लांब नावं अर्धी कापली जातात. घे करायला."

तिने प्रत्येक पॅनल आणि नकाशा यांच्यामध्ये एक बारीक उभी पट्टी घातली. माउस तिच्यावर नेला की बाणाला दोन तोंडं फुटायची. पट्टी धरून ओढली की पॅनल रुंद व्हायचं आणि नकाशा तेवढाच आकसायचा. डावं पॅनल पहिल्या दिवशी शहाण्यासारखं वागलं. उजवं मात्र आत ओढलं की बाहेर पळायचं, कारण प्रोग्रॅमच्या कोडमध्ये एका जागी अधिकच्या चिन्हाऐवजी उणे हवं होतं. दादाला ते दाखवल्यावर तो पोट धरून हसला. "हे माझ्यावर गेलंय. बोलावलं की उलटं पळतं."

बारीक पट्टी त्याच्या नजरेला सापडेना, म्हणून तिने ती जाड आणि गडद केली. की-बोर्डावरच्या बाणांनीही सरकेल अशी केली. "ही पट्टी आहे की कुंपण?" साहेब म्हणाले, पण राहू दिली. एक हद्द मात्र छोटीने स्वतः विचार करून घातली. नकाशा ठरावीक रुंदीपेक्षा अरुंद होणार नाही. नाहीतर कोणी चुकून ओढेल, नकाशाच गायब होईल आणि ओरड सुरू होईल.

नवी आवृत्ती सगळ्यांकडे गेली. दादा खूश होता. बरेच महिने त्याची काही तक्रार आली नाही. मग एका दुपारी त्याचा फोन आला.

"छोटे, तुझ्या पट्टीत बग आहे. उजवी पट्टी एका जागी अडकते. पुढे येत नाही."

"अडकत नाही, दादा. ती हद्द आहे. नकाशाला तेवढी जागा लागतेच."

"मला नाही लागत."

"अरे, त्याहून अरुंद केलास तर वीतभरही नकाशा उरणार नाही. मग तुला दिसणार काय?"

बोलून गेल्यावर छोटीलाच कळलं, आपण काय विचारलं ते.

"तू ये एकदा," दादा म्हणाला.

ती गेली तेव्हा दादाची खुर्ची भिंतीला टेकलेली होती. लांबून पाहिलं की जरा जास्त मावतं नजरेत, म्हणून तो मागे मागे सरकत गेला होता आणि आता भिंत आड आली होती. हात लांब करून तो माउस धरत होता. पडद्यावर दोन्ही पॅनलं दोन्हीकडून आत आली होती आणि मध्ये नकाशाची एक उभी फट राहिली होती.

छोटीने त्याच्या कानाशी हात धरला आणि हळूहळू पुढे आणला. "दिसला की सांग."

"डॉक्टरकी नको करूस," तो म्हणाला, पण बसून राहिला. हात जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा म्हणाला, "आता."

"डॉक्टरांना माहीत आहे?"

"त्यांनीच तर सांगितलं."

"आणि वहिनीला?"

"तिला म्हटलंय, आहे तसंच आहे." त्याने आवाज खाली आणला. "जुन्या वस्तीचा नकाशा राहिलाय गं. तिथले नळ कागदावर नाहीतच. निवृत्त झालेल्या एकेका फिटरला गाठून, विचारून विचारून जमवलंय मी सगळं. तेवढा होऊ दे. मग सांगतो तिला."

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आली. तिने कप टेबलावर ठेवला नाही. दादाचा हात धरून कपाचा कान त्याच्या बोटांत दिला आणि मगच कप सोडला.

छोटी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली. "वहिनी, दादाचं..."

"मला काय कळत नाही का गं?" वहिनी ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "ते म्हणतात आहे तसंच आहे, मी म्हणते बरं. नकाशा संपेपर्यंत त्यांना तेवढं हवंय. तू काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी छोटीने हद्द काढायची परवानगी मागितली.

"कशाला?" साहेब म्हणाले. "एवढं अरुंद कोण करणार आहे?"

"माझा भाऊ."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. "काढ," ते म्हणाले, आणि पुन्हा कधी त्याबद्दल विचारलं नाही.

हद्द गेली, पट्टी आणखी आत आली. तेही फार दिवस पुरलं नाही. पुढे दादाला पट्टीच सापडेना. मग दर रविवारी छोटी त्याच्या खुर्चीत बसायची, तो शेजारी स्टुलावर. तो सांगायचा आणि ती रेघ ओढायची. "झडप कोपऱ्याच्या अलीकडे. पलीकडे नाही, तिथे विहीर होती." ती मोठ्याने वाचून दाखवायची आणि तो दुरुस्त करायचा. असा जुन्या वस्तीचा नकाशा पुरा झाला. त्या संध्याकाळी त्याने वहिनीला बोलावून खरं काय ते सांगितलं. वहिनी म्हणाली, "बरं." मग त्याच्याजवळ बसून राहिली.

कॉम्प्युटर न्यायला खात्याची दोन माणसं आली. दादा दारात उभा होता.

"साहेब, जरा बाजूला व्हा," त्यांतला एक दादाला म्हणाला.

कुठल्या बाजूला, ते त्याला कळेना. तो एकदा इकडे झाला, एकदा तिकडे, आणि दोन्ही वेळा त्यांच्याच वाटेत आला. शेवटी वहिनीने दंड धरून त्याला आत घेतलं.

त्यानंतर कंपनीच्या मदतीच्या नंबरावर खात्याच्या नव्या आरेखकाचा फोन आला. तो नेमका छोटीने घेतला.

"मॅडम, मला दिलेल्या मशीनवर दोन्हीकडची पॅनलं मधोमध येऊन बसलीत. नकाशा दिसतच नाही."

"मध्ये दोन गडद पट्ट्या आहेत बघा. त्या धरून आपापल्या कडेला ओढा."

"हां, सरकल्या. आता कसं मोकळं झालं." मग म्हणाला, "जुन्या वस्तीचा नकाशा काढलाय मात्र झकास. कोणी काढला, माहीत आहे?"

"माझ्या भावाने," छोटी म्हणाली. फोन ठेवून ती बराच वेळ नळाखाली तोंड धूत राहिली.

रविवारी तिने दादाला एवढंच सांगितलं, की नवा माणूस नकाशाचं कौतुक करत होता. दादा वाटाणे सोलत बसला होता. वहिनीने त्याला ते काम लावून दिलं होतं. त्याचे हात थांबले.

"आणि पॅनलं?" त्याने विचारलं.

"ती त्याने कडेला लावून घेतली."

"हो. घेणारच," दादा म्हणाला. मांडीवरची पुढची शेंग तो चाचपून शोधू लागला. ती खाली पडली होती. छोटीने उचलून त्याच्या हातात दिली.