मी मॅडमची खुर्ची राखली

मी डोंगल बोलतोय. इंटरनेटवाला नव्हे हं. तो माझा चुलतभाऊ, आणि आमचं फारसं येणंजाणं नाही. मी कुलपाच्या जातीतला. अंगठ्याएवढं हिरवं प्लास्टिक, कॉम्प्युटरमध्ये खुपसायला पुढे एक तोंड आणि पोटात एक चिप, एवढाच माझा संसार. मी मशीनला लागलो की प्रोग्रॅम उघडतो, मला काढलं की बंद. मग तुम्ही कितीही मोठे मालक असा, पडद्यावर एकच ओळ येते: डोंगल जोडा. ती वाचून भल्याभल्यांची तोंडं उतरलेली मी पाहिली आहेत.

सध्या माझा मुक्काम एका पत्र्याच्या डब्यात आहे. शेजारी गंजलेल्या बिजागऱ्या आणि वाकडे स्क्रू. भंगारवाला आज येईल, उद्या येईल. पण तुम्ही कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. ऐकायला आला असाल तर बसा.

माझा जन्म माणसांच्या अविश्वासातून झाला. माणसं एक प्रोग्रॅम विकत घेतात आणि साऱ्या मित्रमंडळींना फुकट वाटतात, हे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक खोक्यात एकेक कुलूप घातलं. डोंगल ज्याच्या हातात, काम त्याच्या हातात. जन्मतःच एवढा अधिकार मिळाल्यावर थोडा तोरा येणारच. मला तो होता, अजून आहे.

दारं-खिडक्या बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालकांनी मला आणलं. माझ्या प्रोग्रॅममध्ये मापं घातली की दाराचं चित्र तयार, लाकूड किती, काच किती, सगळा हिशेब तयार, आणि गिऱ्हाइकाला द्यायचं कोटेशनही. मालकांनी दोन दिवस खटपट केली आणि हात टेकले. मुलगा मापं घ्यायला दिवसभर बाहेर. मग त्यांना आठवलं की घरात नवी सून आलीय आणि ती कॉम्प्युटर शिकलेली आहे.

"माणूस मिळेपर्यंत तू बस," मालक म्हणाले. माणूस काही मिळाला नाही, कारण कुणी शोधलाच नाही.

मालकांनी एक नियम मात्र घालून दिला. डोंगल सूनबाईच्या पर्समध्ये राहील, दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाही. तेव्हापासून मी तिच्या किल्ल्यांच्या रिंगला लटकलो. सकाळी तिच्याबरोबर कारखान्यात, संध्याकाळी तिच्याबरोबर घरी. तिचं दोन्हीकडचं आयुष्य पाहिलेला मी एकटाच. तिच्या नवऱ्यानेही पाहिलेलं नाही.

कारखान्याच्या पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल होतं. खुर्चीवर तिने स्वतः शिवलेली उशी. खालच्या खणात कंगवा, चपलांचा एक जोड, आणि वेळप्रसंगी खायला ठेवलेली बिस्किटं. आत रंधा चालायचा, भुसा उडायचा, आणि हेडमिस्त्री दारातून मान घालून विचारायचे, "मॅडम, ही चौकट डावी की उजवी?" ती पडद्याकडे बघायची आणि सांगायची. मिस्त्री तिच्या दुप्पट वयाचे, पण तिने सांगितलं की करवत चालायची. तिने "थांबा" म्हटलं की थांबायची.

घरी कुणी तिला मॅडम म्हणत नसे. घरी ती "अगं" होती, "आई, माझे मोजे" होती, "सूनबाई, जरा बघतेस का" होती. घर वाईट नव्हतं, उगाच कुणावर आळ घेणार नाही. सासूबाई तर जिवाला जीव लावणाऱ्या. पण त्या घरात ती निवांत बसलीय असं मला फारसं दिसलंच नाही. बसली की कुणाला तरी काहीतरी आठवायचं.

मग ती एक वाक्य वापरू लागली. कुणाकडे जायचं टाळायचं असो, पाहुण्यांसाठी घरी थांबायचा आग्रह असो, ती शांतपणे म्हणायची, "मला जावंच लागेल हो. प्रोग्रॅम कारखान्यातच उघडतो." आणि माझ्याकडे बोट दाखवायची. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "तिच्याशिवाय ते मशीन उघडतच नाही म्हणे." त्यात कुरकुर होती, पण थोडी ऐटही होती.

म्हणजे बघा, लोकांच्या दृष्टीने मी कुलूप. तिच्यासाठी मी घराबाहेरचं दार होतो. तिच्या खुर्चीचा पहारा मी केला, आणि हे मी छाती फुगवून सांगणार, मला छाती नसली तरी.

पुढे मालक गेले. कारभार मुलाकडे आला. आणि एक दिवस धाकटा दीर मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून घरी परतला, लॅपटॉप आणि उत्साह दोन्ही घेऊन.

"वहिनी, हे काय अजून डोंगल-बिंगल?" मला दोन बोटांत धरून तो हसला. एखादं झुरळ धरावं तसं धरलं होतं त्याने. "सगळं जग ऑनलाइन गेलं."

त्याने टेबलावर लॅपटॉप उघडला आणि नवा प्रोग्रॅम दाखवला. आता खरं बोलायचं तर तो बरा होता. नवरा गिऱ्हाइकाच्या घरी माप घेऊन फोनवर टाकायचा आणि ते त्याच क्षणी इथे दिसायचं. वीज गेली तरी केलेलं काम जात नव्हतं. माझ्या प्रोग्रॅममध्ये एकदा भर दुपारी वीज गेली होती, तेव्हा तिला सगळं पहिल्यापासून करावं लागलं होतं आणि ती माझ्याकडे काय नजरेने बघत होती ते मी विसरलेलो नाही.

पण त्याचे गुण गायला मी जन्मलो नाही. मला एकदा विकत घेतलं की मी तुमचा. हा नवा पाहुणा दर महिन्याला भाडं मागतो, आणि भाडं थकलं की तुमचीच दारं-खिडक्या तुम्हालाच दाखवत नाही. माझं सगळं या खोलीत. याचं सगळं कुठे, ते विचारलं की दीर वर बोट दाखवायचा. वर म्हणजे कुठे रे बाबा? माळ्यावर?

तेवढ्यावर भांडून मी गप्प बसलो असतो. पण पुढचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं.

"आणि सगळ्यात भारी म्हणजे वहिनी, हा कुठूनही चालतो. तुम्हाला आता इथे यायची गरजच नाही. घरबसल्या काम करा."

तो मनापासून म्हणाला होता. तिला सुख द्यायचं म्हणून म्हणाला होता. नवरा खूश झाला. "बरं झालं. आईच्या गुडघ्यांचं बघायलाही कुणीतरी हवंच होतं." पुढच्या खोलीत दारांचे नमुने मांडायचं ठरलं. सासूबाईंनी घरच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुसून ठेवला. सगळ्यांचं एकमत झालं. तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. गप्प बसलेल्या माणसाचा होकार धरायची लोकांना फार घाई असते.

तिची खुर्ची उशीसकट गोदामात गेली. मी पर्समध्ये, पर्स स्वयंपाकघराच्या दारामागच्या खुंटीला. तिथून मला अर्धं टेबल दिसायचं. त्यावर लॅपटॉप, त्याच्या डाव्या हाताला निवडायची भाजी, उजव्या हाताला सासूबाईंच्या गोळ्या. ती एक माप टाकायची आणि उठायची. दूध बघायला, बेल वाजली म्हणून, लेकाचं दप्तर सापडत नाही म्हणून. परत बसायची, कुठवर आलो ते शोधायची, पुन्हा उठायची. मिस्त्री फोन करायचे तेव्हा मागे मिक्सर चालू असायचा. त्यांना अर्धं ऐकू यायचं नाही. हळूहळू ते तिला विचारेनासे झाले, थेट दिराला विचारू लागले.

ते तिला कळलं त्या दिवशी ती भाजी निवडता निवडता मध्येच थांबली. मी खुंटीवरून पाहत होतो. मला काय करता येणार होतं? मला जोडायला तिथे मशीनच नव्हतं.

आणि मग दाताच्या डॉक्टरांचं प्रकरण झालं. त्यांच्या नव्या दवाखान्यासाठी तिने कोटेशन तयार केलं. त्याच वेळी सासूबाई स्वयंपाकघरातून सामान सांगत होत्या आणि दारात गॅसवाला उभा होता. तिने कोटेशन पाठवून दिलं. संध्याकाळी सगळे घरी असताना डॉक्टरांचा नवऱ्याला फोन. फोन त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता.

"काचेची दारं दोन, समजलं. सरकती खिडकी एक, समजलं. पण त्याखाली दोन किलो कांदे आणि गुडघ्याचं तेल लिहिलंय. ते दारासोबत फुकट आहे की वेगळं लावणार?"

डॉक्टर हसले, नवरा हसला, दीर तर पोट धरून हसला. सासूबाईंनाही हसू आवरेना. ती हसली नाही.

रात्रीची जेवणं झाल्यावर नवरा जरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, थोडं लक्ष देऊन करत जा. घरीच तर आहेस."

हे ऐकलं आणि तिने हातातलं ताट टेबलावर ठेवलं.

"अहो, इतकी वर्षं माझ्याकडून एक माप चुकलं का कधी? आठवून सांगा."

नवऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे ओढला.

"लक्ष माझ्याकडे आहे. ते ठेवायला जागा नाही. मी उद्यापासून कारखान्यात येणार आहे."

"म्हणजे वहिनी, जुनाच प्रोग्रॅम चालवायचा?" दिराचा चेहरा पडला.

मी रिंगला ताठ झालो. आली, माझी वेळ आली. आता ही मला बाहेर काढणार आणि या पोराच्या नाकासमोर धरणार.

"नको," ती म्हणाली. "तुमचाच चांगला आहे, भाऊजी. तुम्हीच म्हणालात ना, कुठूनही चालतो म्हणून? मग माझ्या टेबलावरूनही चालेल."

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांची सोबत, आणि भरल्या घरात ती मला नको म्हणाली. पण मी पुढचं ऐकत राहिलो, आणि बरं झालं ऐकत राहिलो.

"पण वहिनी, इथून होतंय तर तिथे जायचं कशाला?" दीर खरंच गोंधळला होता.

"कारण मला तिथे जायचंय. तिथे मला लोक काम विचारतात. मला मॅडम म्हणतात. मला ते आवडतं, भाऊजी. आणि घरी दिवसभर बसून मला रडू येतं. आता आणखी काय सांगू?"

इतकं सरळ बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं ती माझं नाव पुढे करून जायची. आज माझं नाव निघालंच नाही.

"आणि आईजवळ कोण थांबणार?" नवरा जरा खालच्या आवाजात म्हणाला.

"तुमचंही फोनवर चालतं ना आता? आळीपाळीने थांबू या."

"हा नको गं बाई," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "हा दिवसभर फोनवर ओरडतो, माझं डोकं उठतं. धाकट्याला ठेव. तो त्या लॅपटॉपला चिकटूनच असतो, इथे चिकटेल." मग सुनेकडे न बघता पुढे म्हणाल्या, "आणि तू जा. आधी सांगितलं असतंस तर टेबल पुसत बसले नसते मी."

सकाळी ती गेली. मिस्त्रींनी आणि तिने मिळून खुर्ची गोदामातून काढली, उशी झटकली. नमुन्याची दारं भिंतीकडे सरकवून टेबल पुन्हा खिडकीशी आणलं. तिने लॅपटॉप उघडला, तोच ऑनलाइन पाहुणा समोर आला, आणि ती कामाला लागली. नवरा दारात उभा राहून बघत होता. तिने पर्स उघडली, किल्ल्यांची रिंग काढली आणि मला त्यातून सोडवू लागली. इतक्या वर्षांत कडी घट्ट बसली होती, तिची नखं लागली मला.

"असू दे की," नवरा म्हणाला. "आठवण म्हणून."

"नको. आता मला कारण लागत नाही."

तिने क्षणभर मला मुठीत धरलं. मूठ गरम होती. मग मला या डब्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. हा फरक मला कळतो.

तर असा मी इथे आलो. आता कुणी म्हणेल, डोंगल हरला, ऑनलाइन जिंकलं. म्हणणाऱ्याने खुशाल म्हणावं. ती माझ्यामागे लपून बाहेर पडायची, आता स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या शब्दांनी बाहेर पडते. तिला माझी गरज उरली नाही, याला मी हार म्हणणार नाही. तुम्ही म्हणत असाल तर तुमचं तुमच्यापाशी.

नव्या पाहुण्याला एवढंच सांगणं आहे. बाबा रे, तू जगात कुठूनही चाल, माझी हरकत नाही. पण ती कुठून चालवणार हे तू ठरवायचं नाहीस, आणि तुला विकणाऱ्यांनीही नाही. आणि तुम्हीही, पुढच्या वेळी कुणाला प्रेमाने "घरबसल्या कर" म्हणाल ना, तेव्हा आधी बघा, घरात तिला बसायला मिळतं का.

झालं माझं सांगून. डब्याचं झाकण नीट लागत नाही, त्यामुळे आतला रंधा ऐकू येतोय. आता थांबला. मिस्त्रींनी पुढच्या खोलीत मान घातलेली दिसते.

"मॅडम, ही चौकट चालेल का?"

"थांबा," ती म्हणतेय. "मी येऊन बघते."