कुऱ्हाडीविना चिरलेली झुडपं

पावसाने सलग तिसऱ्या वर्षी तोंड दाखवलं नव्हतं. बादमा सकाळी राखीव माळाच्या कुंपणाचं फाटक उघडून आत गेली आणि जागीच थिजली. तेलकाठीची झुडपं बुंध्यापासून उभी चिरलेली. एक नाही, दोन नाही, अख्खा उतार.

ओलं असतानाही भडभडा पेटतं, म्हणून या झुडपाला सगळे तेलकाठी म्हणत. जगात ते फक्त चीनच्या उत्तरेतल्या ऑर्दोसकडच्या या माळांवर उरलेलं, आणि अकरा वर्षं त्याची राखण बादमाकडे. सरपणासाठी त्याला हात घालणारा तिला एकच ठाऊक होता: तिचा धाकटा दीर दुगार.

ती तडक विहिरीवर गेली. दुगार शेळ्यांना पाणी पाजत होता.

"लाज विकून खाल्लीस का रे? जिवंत झाडं चिरलीस!"

"मी? अहो वहिनी, माझ्या कुऱ्हाडीचा दांडा मोडून वर्ष झालं!"

"मग चूल काय वाऱ्यावर पेटते?"

"शेणावर पेटते! या घरी, हुंगून बघा."

विहिरीवर जमलेले लोक फिदीफिदी हसले. बादमाने सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात लगावली. दुगार शेळ्या तशाच तहानलेल्या हाकत निघून गेला.

दुपारी वनकेंद्रातली झाडांची जाणकार खोंगोरझुल पाहणीला आली. तिने चिरेवरून बोट फिरवलं.

"मावशी, घाव कुठाय? हे आपणहून फाटलंय."

"झाड स्वतःला चिरतं?"

"पाणी पुरेनासं झालं की खोड फाटतं. प्रत्येक फाळीला आपापलं मूळ. एक वाळते, दुसरी तगते. पण हे म्हातारपणी. ही तर तुमच्या देखत उगवलेली ना?"

"नऊ वर्षांची."

खोंगोरझुलचा चेहरा उतरला. "इतक्या कोवळ्या वयात फाटलेलं मी कधीच पाहिलं नाही."

बादमाला सकाळची थप्पड आठवली.

संध्याकाळी तिने दुगारच्या दारात जाऊन, समेटाच्या रिवाजाप्रमाणे दोन्ही हातांनी नवऱ्याची तपकिरीची कुपी पुढे केली. "चुकले रे."

त्याने कुपी घेतली नाही. "मारलंत चार माणसांत, आणि माफी एकट्यात?"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर ती सगळ्यांसमोर कुपी पुढे करत तेच बोलली. कुणी हसलं नाही. दुगारने कुपी घेतली, तपकीर हुंगली.

"खरंच आपणहून?"

"चल, दाखवते."

एक फाळी राखाडी, कडकडीत वाळलेली. तिला खेटूनच दुसरी, इवल्याशा जाड हिरव्या पानांची. दुगारने वाकून दोन्ही फाळ्या चाचपल्या.

"वहिनी, आयुष्यभर मी ही झुडपं वाळलेलीच समजून मुळासकट उपटली," तो पुटपुटला. "त्यांत अशी जिवंत किती होती?"

बादमाने हिरव्या फाळीच्या मुळाशी हाताने माती ओढली.