व्हर्लिनची गोठलेली पत

फुकट ते पौष्टिक, यावर कोरीन हॅस्केटचा गाढ विश्वास. पण ती आप्पलपोटी नव्हती. एखादी फुकटची चीज पटली, की गल्लीभर वाटल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. टॅक्सचा रिटर्न भरायची मोफत साइट सापडली, तेव्हा तिने घरोघरी जाऊन लोकांना बसवून रिटर्न भरायला लावले. नाक्यावरचा पैसे घेऊन रिटर्न भरून देणारा टॅक्सवाला दर फेब्रुवारीत दुकानापुढे पाटी नाचवायला एक माणूस उभा करायचा. कोरीनचा वारा लागल्यापासून त्या पाटीवाल्याकडे आमच्या रस्त्यावरचं कुणी ढुंकून बघेना.

त्याहून लाडकी होती ती दुसरी साइट. आपला क्रेडिट स्कोअर काय, आपल्या नावावर कुणी कर्ज मागितलं का, कुठल्या दुकानाने आपली पत तपासली का, हे सगळं ती फुकटात सांगायची, आणि काही हललं की फोनवर टिंग करायची. कोरीन त्या टिंगसाठी कान टवकारून बसे, आणि त्याला कारणही तसंच होतं. तिचा पहिला नवरा रस्टी. लग्नाचं त्याला विचारलं तेही तिनेच. त्याने तिच्या नावावर कार्डं काढली, तिच्या बोटात घातलेली अंगठीसुद्धा त्यातल्याच एका कार्डावर घेतली, आणि एके दिवशी गाडीत बसून जो गेला तो गेलाच. अंगठीचे हप्ते कोरीनने फेडले. स्वतःची लग्नाची अंगठी स्वतःच फेडलेली बाई अख्ख्या इंडियाना राज्यात दुसरी सापडायची नाही, असं ती हसत सांगायची. ऐकणारा हसायचा, तिचं हसू मात्र अर्ध्यावरच विझायचं.

आता तिच्या घरात नऊ वर्षं व्हर्लिन स्ट्राउड राहत होता. लोकांच्या तळघरातल्या, घर उबदार ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा, उंच, मुखदुर्बळ, गुडघ्याने अधू माणूस. फोनशी त्याचं वाकडं, त्यामुळे त्याचीही पत कोरीनच्याच फोनवर पहाऱ्याला. माणूस सोन्यासारखा, पण लग्नाचं नाव काढत नव्हता. आणि कोरीनने मनाशी गाठ मारली होती, की या खेपेला तोंड उघडायचं ते त्याने. नऊ वर्षं ती वाट बघत होती, आणि हे व्हर्लिन सोडून गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

तो रिटर्नचा शनिवार होता. दर वर्षी या दिवशी ती चुलीवर चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याचं, मोठं पातेलं चढवायची, सोबतीला पीनट बटरची सँडविचं करायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आधी तिचा, मग त्याचा असे दोन रिटर्न भरायची. साइट पहिल्या झटक्यालाच विचारते, वर्षअखेरीस तुम्ही विवाहित होता की अविवाहित? कोरीनने आपल्यापुढे अविवाहित टिचकवलं. दर वर्षीसारखंच पोटात कुठेतरी दुखलं. व्हर्लिन असता तर त्याला ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला असता, पण तो सकाळीच बाहेर पडला होता. कुणा म्हातारीची भट्टी विझली म्हणे. भट्टी दुरुस्त करायला इस्त्रीचा शर्ट कशाला, हे तिच्या मनात आलं होतं, पण चिली बुडाला लागत होती म्हणून विचारायचं राहून गेलं.

व्हर्लिनचा रिटर्न उघडला आणि फोन वाजला. टिंग.

मॉलमधल्या एका जवाहिऱ्याने व्हर्लिन स्ट्राउडची पत तपासली आहे. हा व्यवहार तुमच्या ओळखीचा आहे का? खाली दोन बटणं, हो आणि नाही.

कोरीन ताडकन उठली. जवाहिऱ्याकडे? व्हर्लिन? ज्याला घड्याळाचा पट्टा बदलायचा म्हटलं तरी मॉलचं पार्किंग नको वाटतं, तो? चोर होता, दुसरं कोण असणार. इतकी वर्षं पहारा दिला, आणि आज खरोखरचा चोर जाळ्यात आला होता. तिच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. तिने नाही दाबलं आणि पतनोंदी ठेवणाऱ्या तिन्ही कंपन्यांच्या साइटवर जाऊन व्हर्लिनची पत धडाधड गोठवून टाकली. तेही फुकट. आता त्याच्या नावाने कुणाला साधी सुईही उधार मिळणार नव्हती.

मग तिने शेजारच्या मर्नाला हाक मारली. मर्ना व्हर्लिनची थोरली बहीण, चिलीच्या वासाने निम्मी वाट चालून आलेलीच होती. कोरीनने तिला वाडगा भरून दिला आणि चोराची हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. मर्नाचा चमचा हवेतच थांबला.

"दागिन्यांचं दुकान म्हणालीस?"

"हो ना! मेल्याची चैन बघ."

"आणि तू गोठवलंस. तिन्हीकडे."

"तिन्हीकडे. आहे का हिंमत परत यायची?"

मर्नाने छताकडे बघितलं, वाडगा खाली ठेवला आणि कुत्रं घरी एकटं आहे म्हणाली. जाता जाता एवढंच बोलली, "कोरीन, तुझ्यासारखी राखणदार ठेवली तर मालकालाच कुंपणावरून उडी मारून यावं लागेल." कोरीनला वाटलं, शाबासकी दिली. ती खूश होऊन पोलिसांचा नंबर शोधायला लागली.

नंबर सापडायच्या आधी व्हर्लिन आला. कान लाल, इस्त्रीच्या शर्टाची कॉलर ओली, बुटांचा बर्फ तसाच घरात. कोरीनने त्याला बसूही दिलं नाही. चोर, जवाहिऱ्या, गोठवणं, सगळं एका दमात सांगितलं. तो टोपी हातात फिरवत ऐकत राहिला.

"ते परत उघडता येतं का?" त्याने विचारलं. "थोडा वेळ?"

"उघडायचं कशाला? चोर मोकळाच फिरतोय."

"चोर नाही तो."

"तुला काय माहीत?"

"मीच होतो तिथे खुर्चीवर बसलेलो," व्हर्लिन म्हणाला. "दुकानातल्या पोरीने एका कंपनीकडे बघितलं, सगळं ठीक म्हणाली. मग दुसरीकडे बघायला गेली तर कुलूप. म्हणाली, कुणीतरी आत्ता, या मिनिटाला तुमची पत गोठवली, साहेब. मी म्हटलं, कुणीतरी नाही, कोरीन."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कोरीन मटकन खुर्चीत बसली. तिला हसू येत होतं, रडूही येत होतं, आणि चिलीचं पातेलं खदखदत होतं त्याचंही भान नव्हतं.

पण दुसऱ्याच क्षणी जुनं भूत मानगुटीवर बसलं. हप्त्यांवर अंगठी. तिचा आवाज बारीक झाला. "व्हर्लिन, हप्त्याने का रे? मला खड्याची हौस नाही. साधं वळंसुद्धा चाललं असतं."

"मर्नाने तुझ्या पहिल्या अंगठीचं सांगितलं होतं मला," तो म्हणाला. एवढी लांब वाक्यं त्याच्या तोंडून निघत नसत, म्हणून तो मध्ये मध्ये थांबत होता. "तेव्हाच ठरवलं. चांगली घ्यायची, आणि तिचे हप्ते माझ्या नावावर. तुझ्या त्या साइटवर दर महिन्याला तुला दिसतील. मी भरतोय ते. तुझ्या नावावर एक सेंटसुद्धा नाही."

कोरीनने डोळे पुसले, चुलीचा जाळ बंद केला आणि लॅपटॉप ओढला. गोठवताना धडाधड टाकलेला पासवर्ड आता दोनदा चुकला. तिन्ही कंपन्यांकडे तिने दिवसभरापुरतं कुलूप काढलं. व्हर्लिन दारापर्यंत गेला, परत वळला, काहीतरी बोलणार असं वाटलं.

"आत्ता नको," कोरीन म्हणाली. "आधी घेऊन ये. दुकान बंद होईल."

तो गेला, आणि तिच्यासाठी घड्याळ जणू थांबलं. ती खिडकीशी गेली, टेबलाशी आली, चिली उगाच ढवळली, पुन्हा खिडकीशी गेली. व्हर्लिनचा रिटर्न तसाच उघडा होता. साइट विचारत होती, विवाहित की अविवाहित? गेल्या वर्षअखेरीचं विचारत होती ती, तेव्हा उत्तर बदलणार नव्हतं. कोरीनने अविवाहित टिचकवलं. पोटात काही दुखलं नाही. उलट तिला गुदगुल्या झाल्या, की पुढच्या फेब्रुवारीत दोघांचा मिळून एकच रिटर्न, म्हणजे कामही निम्मं.

टिंग.

मॉलमधल्या जवाहिऱ्याने व्हर्लिन स्ट्राउडची पत तपासली आहे. हा व्यवहार तुमच्या ओळखीचा आहे का?

कोरीनने ती ओळ परत परत वाचली. मग हो दाबलं, इतक्या जोराने की फोन हातातून निसटून सँडविचांवर पडला.

अंधार पडायच्या आत व्हर्लिन आला. या वेळी त्याने बूट आठवणीने पायपुसण्यावर झटकले. खिशात हात घातला आणि दुखरा गुडघा धरून खाली वाकायला लागला. कोरीनने त्याला दंडाला धरून थांबवलं.

"अरे, नको त्या गुडघ्याला छळू. मी केव्हाच हो दाबलंय."

"तरी विचारतो," व्हर्लिन म्हणाला, आणि भिंतीचा आधार घेत सावकाश खाली बसलाच.