एकशे बेचाळीस नंबरची पाटी

संसदेत कोण कुठे बसणार, हे पंतप्रधानांच्या आधी मला कळतं, कारण सभासदांच्या पाट्या मी रंगवते. सरकारी बाजूला हिरव्या, विरोधकांना निळ्या. या पाच वर्षांत तिघे वारले, दोघांनी राजीनामे दिले आणि नऊ जणांनी बाजू बदलली. त्यातल्या एकाला आम्ही 'पाहुणा' म्हणतो. तो तीनदा बदलला. त्याच्या पाटीवर रंगाचे इतके थर चढलेत की ती चौकटीत मावत नाही.

शेवटचं वर्ष उरलं असताना एकशे बेचाळीस नंबरच्या जागेवरचे म्हातारे सभासद वारले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी माझी थोरली बहीण निवडून आली.

आमचा चार वर्षांचा अबोला. मागच्या वेळी ती एकशे अकरा मतांनी पडली. मी तिच्या एकाही सभेला गेले नव्हते, आमच्या नोकरीत तशी बंदीच आहे. पण ती सगळ्यांना सांगत सुटली, "सख्ख्या बहिणीचं मत तरी पडलं का, देव जाणे." पडलं होतं. पण ते सांगत फिरायला माझं काय अडलं होतं? हट्टात मीही तिचीच बहीण.

शनिवारी तिची पाटी करायला घेतली. अक्षरांची उंची दोनदा मोजली, कडा पुसल्या. या बयेला नाव ठेवायला जागा ठेवायची नव्हती. वाचून बघायचं तेवढं राहिलं.

सोमवारी शपथ घेऊन ती जागेवर गेली आणि खाली बघतच राहिली. शेजारचे वाकले, मग हसू पसरलं. दारातून मीही पाहिलं. निळ्या पाटीवर पांढरं, ठसठशीत: 'ताई'.

बैठक उठताच मी पेचकस घेऊन धावले. तिने पाटीवर हात ठेवला.

"चार वर्षांनी हाक मारलीस, आणि आता खोडतेस होय?"

"ताई, नियम असतो."

"नियमाचीच तू," ती म्हणाली. डोळे दोघींचेही भरले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी तिच्या पूर्ण नावाची पाटी बसवली. जुनी तिने पदराआड लपवून नेली. ती सरकारी मालमत्ता आहे, तिची नोंद व्हायला हवी. अजून केलेली नाही.