सन्मानाने निवर्तले

सत्य शेवटी बाहेर येतंच, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. ती सगळी मोठ्या शहरांत राहत असावीत. लहान गावात सत्य सकाळीच बाहेर येतं, चौकात चहा घेतं, दोन दुकानांत डोकावतं आणि वार्ताहर पेनाचं टोपण काढेपर्यंत घरी जाऊन आडवं झालेलं असतं.

आमच्या गावच्या एकुलत्या एक दैनिकात उमेदवारी करायला शहरातून जो तरुण आला, त्याला हे ठाऊक नव्हतं. गाव झोपलेलं आहे आणि आपण त्याला जागं करणार आहोत, अशा समजुतीने तो बसमधून उतरला. निघताना वडिलांनी आशीर्वाद दिला होता, "नाही जमलं तर परत ये. काकाच्या फरश्यांच्या दुकानात जागा आहेच." त्या दुकानाची आठवण झाली की त्याच्या अंगात पत्रकारिता संचारत असे.

त्याला खोली मिळाली ती एका मावशींच्या घरात, माडीवर. खोलीत खाट होती, आरसा होता आणि टेबलाच्या जागी मावशींचं शिवणयंत्र होतं. त्याच्यावर कागद ठेवून तो लिहायचा. लिहिताना पाय आपोआप खालच्या पायट्यावर जात आणि यंत्र करकरायला लागे. करकर थांबली की खालून मावशी विचारत, "काय रे, सुचेना का?"

मावशींनी पहिल्याच दिवशी शेजारणीला सांगितलं, "वरच्या खोलीत पेपरवाला ठेवलाय." आता आमच्या गावात पेपरवाला म्हणजे सकाळी सायकलवरून येऊन पेपर भिरकावतो तो. त्याला दुसरा अर्थ नाही. दुसऱ्या दिवसापासून लोक या वार्ताहराला रस्त्यात अडवू लागले.

"अहो पेपरवाले, काल आमच्याकडे पेपरच नाही टाकलात!"

"मी टाकत नाही, काका. मी बातम्या लिहितो."

"लिहा की. कोण नको म्हणतंय? पण टाका वेळेवर."

त्याची पहिली मोठी बातमी होती चौकातल्या दिव्याच्या खांबाची. 'अज्ञात वाहनचालकाने खांबाला धडक देऊन पोबारा केला,' असं त्याने लिहिलं. गाव दिवसभर हसत होतं. दूधवाला थेट कचेरीत आला. "अज्ञात? अहो, तो माझा जावई आहे! आणि पोबारा कुठला करतोय, माझ्याच घरी बसून जेवतोय दोन दिवस. एवढं कमावतं पोर, आणि पेपरात नाव आलं तर अज्ञात!"

दुसऱ्या खेपेला त्याने सावधपणे 'विश्वसनीय सूत्रांकडून समजते' असं लिहिलं. केस कापायला गेला, तर न्हाव्याने भरल्या दुकानात कात्री थांबवून विचारलं, "ते सूत्र म्हणजे मीच ना?" मग इतरांकडे वळून म्हणाला, "विश्वसनीय म्हटलंय मला. छापून आलंय." त्या दिवसापासून बाकीची सूत्रं रुसली आणि त्याच्याशी बोलेनाशी झाली.

संपादकांनी त्याला समोर बसवलं. संपादक म्हणजेच मालक, तेच जाहिराती आणणार, आणि चष्मा सापडला तर मुद्रितंही तेच तपासणार.

"हे बघ बाबा," ते म्हणाले, "आपल्याकडे बातमी कळावी म्हणून कोणी पेपर घेत नाही. बातमी लोकांना कळलेलीच असते. ती आपण बरोबर छापली का, हे बघायला घेतात. एवढं ध्यानात ठेव. आणि आता पुन्हा कोणी तक्रार घेऊन या दारात आलं ना, तर तुझी बॅग मी स्वतः भरून देईन. घड्या नीट घालतो मी."

वार्ताहराच्या डोळ्यांपुढे फरश्यांचे नमुने तरळून गेले. पण मनातून त्याला एकच ध्यास लागला होता. गावाला आधी माहीत नसलेली एक बातमी, एकच, आयुष्यात आपल्या हातून द्यायची.

ती त्याने दिली. तीच ही हकीगत.

झालं असं, की व्याकरणाचे सर शाळेतून निवृत्त झाले. सरांच्या हाताखालून न गेलेला माणूस गावात नव्हता, आणि तो हात कानाखाली न बसलेलाही नव्हता. रस्त्याने जाताना सर दुकानांच्या पाट्या तपासत. डेअरीच्या पाटीवर 'दुध' लिहिलं होतं, तर पाटी दुरुस्त होईपर्यंत सरांच्या घरात कोरा चहा झाला. बोलण्यातली वेलांटीसुद्धा त्यांना ऐकू येई. म्हणून तर त्यांच्या निरोप समारंभाला खुर्च्याच जास्त जमल्या. सरांसमोर सरांवर भाषण करायला वाघाचं काळीज लागतं, आणि ते घेऊन आमच्या गावात सहसा कोणी जन्माला येत नाही.

बातमी द्यायची होती वार्ताहराला. संपादक मेहुण्याकडे निघाले होते. जाता जाता दारातून म्हणाले, "'रिटायर' लिहू नकोस हं! सरांची बातमी आहे. चांगला भारदस्त शब्द घाल."

तो यंत्रावर बसला. 'निवृत्त' लिहून पाहिलं. फारच सरकारी वाटलं. मग त्याला आपल्याच पेपरचं शेवटचं पान आठवलं. त्यावर रोज कोणी ना कोणी वजनदार माणूस 'निवर्तत' असे. शेजारी छानसा फोटो असे, खाली 'परिवारात पत्नी, दोन मुलगे, सुना' असा भरला संसार असे. बहुतेक जण 'वृद्धापकाळाने' निवर्तत. ते त्याला पटलं. माणूस वृद्धापकाळानेच निवृत्त होतो, तरुणपणी कशाला होईल? एवढी नेमाने निवृत्त होणारी माणसं या गावात आहेत, याचं त्याला आल्या दिवसापासून कौतुक वाटत होतं. करकर सुरू झाली ती थांबली नाही. मावशी खालून म्हणाल्या, "आज जोरात आहे गाडी!"

पानं लावणाऱ्या माणसाने मजकूर घेतला. तो बातम्या वाचत नसे, फक्त ओळखत असे. 'निवर्तले' दिसलं की काळी चौकट, हा त्याचा हिशेब. त्याने चौकट घातली.

सकाळी गावाने पेपर उघडला आणि गावाच्या हातातला चहा थबकला. ही बातमी कोणालाच माहीत नव्हती. न्हाव्याला माहीत नव्हती. दूधवाल्याला माहीत नव्हती. खुद्द सरांनाही माहीत नव्हती, कारण त्यांचा पेपर नेहमीप्रमाणे अंगणातल्या नळाखाली पडला होता आणि त्याचा लगदा झाला होता.

वार्ताहराला हे कळलं ते मावशींकडून. त्या पेपर घेऊन धापा टाकत माडीवर आल्या. "काय रे, काय झालं होतं सरांना?"

"काही नाही, मावशी. वय झालं."

"अरेरे! आणि झालं कसं?"

"छान झालं की! लोक कमी होते, पण पेढे वाटले त्यांनी स्वतः."

मावशी मशीनचा आधार घेऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी 'निवर्तले'चा अर्थ त्याला एका शब्दात सांगितला. तो खाटेवर बसला. पाय पायट्यावर नसतानाही त्याला करकर ऐकू येत होती.

एवढ्यात संपादकांचा निरोप आला. 'सरांकडे जा. पाय धर. त्यांनी तक्रार केली तर इकडे येऊ नकोस, परस्पर बस पकड.'

सरांच्या घरासमोर चपलांचा खच पडला होता. आत जागा नव्हती. लोक रडवेले चेहरे घेऊन आले होते, दारातच सर खुर्चीवर बसलेले दिसले होते, आणि आता आणलेला चेहरा परत कसा न्यायचा ते न कळून सगळे तसेच बसले होते.

"आलोच आहे तर बसतो थोडा वेळ," न्हावी म्हणत होता.

सरांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या गावाच्या वहिनी, चहाचा ट्रे घेऊन फिरत होत्या. "निरोप समारंभाला चार टाळकी नव्हती, आणि आज बघा! बसा, बसा. दूध संपलंय, जरा वेळ लागेल. यांनाच पाठवणार होते आणायला, पण म्हटलं, आज बरं दिसणार नाही."

बँकेचे मॅनेजर उठले. हातात कागद होता. ते चाचरत म्हणाले, "सर, म्हणजे... मी येता येता चार शब्द जुळवले होते."

"मग बोला की," सर म्हणाले. "एवढे जुळवलेत तर."

"सरांच्या जाण्याने गावाची अपरिमीत हानी..."

"अपरिमित. मि ऱ्हस्व."

मॅनेजर बसले. सरांना एवढं प्रसन्न झालेलं कोणी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "हाच तो!" आणि गर्दी बाजूला झाली. वार्ताहर सरळ पायांशी गेला.

"ऊठ," सर म्हणाले. "पेपर कुठाय? मी अजून वाचलेला नाही. सकाळपासून लोक मला बघून दचकतायत, पण कोरडा पेपर कोणी आणलेला नाही."

वार्ताहराने खिशातला दिला. सरांनी चष्मा चढवला, लाल पेन काढलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "'आपल्या परखड अध्यापनासाठी सर्वपरिचित असलेले व्याकरणाचे सर काल सन्मानाने निवर्तले.'"

वार्ताहर बसच्या वेळा आठवत होता.

सरांनी पुन्हा वाचलं. पेन ओळीवरून सावकाश पुढे गेलं, शेवटच्या शब्दापाशी थांबलं, आणि टोपणात परत गेलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी, सर. चूक झाली. मला वाटलं, निवर्तले म्हणजे..."

"चूक? कुठाय चूक?" सर म्हणाले. "'असलेले' जागेवर आहे. 'निवर्तले' आदरार्थी बहुवचनी आहे, कर्त्याशी जुळतंय. काना, मात्रा, वेलांटी, सगळं ठीक. एवढं लांब वाक्य या गावात कोणी न पडता शेवटपर्यंत नेलेलं मी पहिल्यांदा बघतोय."

"पण सर, तुम्ही तर..." न्हावी म्हणाला.

"मी जिवंत आहे, हा तपशिलाचा भाग झाला. तो आज ना उद्या दुरुस्त होईलच. व्याकरण एकदा बिघडलं की पिढ्या बिघडतात."

ते उठून उभे राहिले. गर्दीही उठली, सवयीने, वर्गात उठायची तशी.

"ऐका सगळे," सर म्हणाले. "मी तक्रार करणार नाही. संपादकाला सांगा, तोही माझाच विद्यार्थी, अजून 'आशीर्वाद' चुकवतो. या मुलाला काढायचं नाही. शब्द हे शस्त्र आहे. ते ज्याच्या हाती आहे, त्याचा हात कापला पाहिजे... थरथरला पाहिजे, या अर्थी. आज याचा कापतोय. याला शब्दाचं भय वाटलं, म्हणजे हा लिहिणारा आहे. या गावात वाचणारे पुष्कळ झाले. एक लिहिणारा असू दे!"

अंगणात अशी शांतता पसरली की नळाचं ठिबकणं ऐकू येत होतं. मावशीही आल्या होत्या, मागे उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. आल्यापासून पहिल्यांदाच कोणी वार्ताहराला लिहिणारा म्हटलं होतं, आणि तेही भर गर्दीत, सरांनी. फरश्यांचं दुकान दूर, फार दूर गेलं.

"सर," तो कसाबसा म्हणाला, "तुमच्यासाठी मी काय करू शकतो, सांगा. काहीही सांगा."

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याला जरा बाजूला घेतलं आणि आवाज उतरवला.

"एवढंच कर. उद्यापासून पेपर पायरीवर टाकत जा. तिकडे नळाखाली भिजतो रे."