धोट्याची मूठ

राहनाळच्या सप्ताहात काल्याचं कीर्तन करणाऱ्या बुवांची हजामत अनंताच्या घरच्या वस्तऱ्याने व्हायची, ही रीत त्याच्या आजापासूनची. अनंताला गळा नाही. टाळ हातात घेतला तर शेजारच्याचाही ठेका चुकतो. कीर्तनावर जीव मात्र असा, की आख्यान रंगलं की डोळे पुसायला उपरणं पुरत नाही. तेव्हा वर्षातून एकदा बुवांच्या गालावर वस्तरा फिरवणं, एवढीच त्याची देवाच्या दारातली सेवा. एरवी दुकानात तोही ब्लेड बदलायचा वस्तरा वापरतो. हा जुना फडक्यात गुंडाळून देवाजवळ असतो.

यंदा काढला तर पात्यावर गंज आणि शिंगाची मूठ उभी तडकलेली. पातं त्याने चार दिवस घासलं, दगडावर लावलं, लखलखीत केलं. मुठीला तात्पुरता दोरा गुंडाळला. नेमकं तेच सप्ताह कमिटीच्या केसरीनाथशेठनी बघितलं.

"आरं अनंता, ह्यो वस्तरा हाय का मोडकी छत्री? बुवांच्या गळ्याला ह्यो लावशील? त्यापेक्षा काल्हेरच्या सलूनवाल्याला सांगतो मी."

"शेठ, सप्ताह आज बसला. काल्याला सात दिवस हायत. नवी मूठ घालतो."

"आन् न्हाय झाली तर?"

"तर तुमच्या सलूनवाल्याची पाण्याची वाटी धरून उभा राहीन."

भिवंडीत लूम दुरुस्त करणारे लतीफभाई त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी भंगारात निघालेल्या लूमचा लाकडी धोटा काढून दिला. धाग्याची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा तो धोटा, त्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती लांब, सरळ, दगडासारख्या टणक. मुठीच्या दोन पट्ट्यांसाठीच जणू घडवलेल्या. अनंताने त्या कापल्या, पॉलिश पेपरने घासल्या. मंडपातलं भजन कर्ण्यातून ओटीवर यायचं आणि मृदंग चढला की पेपरही भरभर चालायचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेलतेलाचा पहिला हात दिला. रंगारी वापरतात ते उकळलेलं अळशीचं तेल. पातळ लावायचं, पुसायचं, दिवसभर सुकू द्यायचं, म्हणजे लाकडाला पाणी लागत नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर पट्ट्या चिकट. पुसल्या, उन्हात ठेवल्या, तरी चिकट. चौथ्या दिवशी सकाळी त्याने त्या कागदात गुंडाळून लतीफभाईंपुढे ठेवल्या.

लतीफभाईंनी वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ये धोटा बीस साल चला है. माझ्याच हातचं मशीनचं तेल प्यायलाय. पोट भरलेल्या माणसाला तू वरून जेवायला वाढतोस!"

"माझ्या ध्यानातच आलं नाही."

"लाखेचं पॉलिश मार. तासाभरात सुकेल."

"आणि वस्तरा स्पिरिटने पुसला की लाख विरघळून बुवांच्या दाढीला लागेल."

"मग लकडी बदल."

अनंताने पट्ट्या उलटसुलट केल्या. दुसरं लाकूड शोधून, कापून, घासून पुन्हा दोन दिवस जाणार. "नाही. यालाच रिकामं करतो," तो म्हणाला.

पावडर तेल ओढून घेते, आणि न्हाव्याच्या दुकानात पावडरीला तोटा नाही. पट्ट्या थिनरने धुतल्या, पावडरीच्या डब्यात पुरल्या आणि डबा तापलेल्या पत्र्यावर ठेवला. दुपारी उघडला तर पावडर पिवळट, ओली. फेकली. पुन्हा थिनर, पुन्हा पावडर. शेजारची ठमाबाई विचारत होती, "कुणाच्या बारशाची तयारी चाललीय?" तो हसलाही नाही. पाचव्या दिवशी उन्हं कलताना पावडर पांढरीच निघाली, तेव्हा कुठे त्याने पाठ टेकली.

सहाव्या दिवशी नव्याने पहिला हात दिला, आता बेलतेल लाकडात मुरलं. सातव्या दिवशी दुसरा हात, बाहेरून, आतून, खिळ्यांच्या भोकांतसुद्धा काडीने.

काल्याच्या सकाळी लतीफभाई पितळी खिळे आणि हातोडी घेऊन आले. अनंताने पट्ट्यांवरून बोट फिरवलं. बाहेरून कोरड्या. एका पट्टीच्या आतल्या टोकाला बोट किंचित धरलं गेलं.

"खिळे मारले की आतलं कोण बघणार?" लतीफभाई म्हणाले.

"कोणी नाही. पण तिथून पाणी शिरलं तर पट्टी फुगेल, पातं अडकेल. ते गळ्यावर अडकायला नको. चला मंडपात."

मंडपामागे बुवा बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून बसले होते. सलूनवाला पेटी उघडून तयार. अनंताच्या एका हातात पातं, दुसऱ्यात सुट्या पट्ट्या.

"ह्ये काय?" केसरीनाथशेठ ओरडले. "वस्तऱ्याची हाडं घेऊन आलास?"

अनंता सरळ सलूनवाल्याकडे गेला. "भाऊ, केस सुकवायचा ड्रायर दे जरा."

सलूनवाल्याने शेठकडे बघितलं. शेठनी घड्याळाकडे. "नवाला कीर्तन उभं ऱ्हायचंय, अनंता!"

"शेठ," बुवा म्हणाले, "गळा माझा आहे. त्याची काळजी करणारा माणूस आलाय, त्याला काम करू द्या. मी चहा घेतो."

ड्रायर घोंगावू लागला. अनंता दुरून, सावकाश ऊब देत होता, लाकूड तडकू नये म्हणून. बोट लावी, थांबे, पुन्हा ऊब देई. अर्ध्या तासाने बोट सुटं फिरलं. लतीफभाईंनी पातं मधे धरून खिळे ठोकले, टोकं बसवली. अनंताने वस्तरा गरम पाण्यात बुडवला, झटकला, उघडला, मिटला. तीनदा. पातं कुठेच अडलं नाही.

मग त्याने बुवांच्या गालाला साबण लावला. वस्तरा सरसर फिरू लागला. शेवटचा फटकारा हनुवटीखालून वर आला आणि बुवांनी डोळे मिटूनच गालावरून तळवा फिरवला.

"लोण्यासारखी केलीत हो," म्हणत ते पागोटं बांधायला उठले.

रिकाम्या खुर्चीत केसरीनाथशेठ येऊन बसले, मान वर केली. "आता माजीपण कर. बगू दे तरी."

"तुमची उद्या दुकानात," अनंता वस्तरा पुसत म्हणाला. "आज हा दुसऱ्या गालाला लागायचा नाही."

"मी कमिटीचा अध्यक्ष हाय रं!"

"म्हणून तर उद्या पहिला नंबर तुमचा."

सलूनवाला फस्सकन हसला. शेठही हसत उठले. पलीकडे मृदंगावर थाप पडली, तसा अनंता लतीफभाईंना ओढत पुढच्या रांगेकडे निघाला.